थरथर काढणारा बाप आणि थरथरणारा पट्टा

शिरूरच्या डॉक्टर मॅडमनी कापसाचा बोळा आफियाच्या कोपरापासून मनगटापर्यंत हलकेच फिरवला, आणि माझी सहा वर्षांची पोरगी टेबलावरून उतरून थेट टेबलाखाली गेली. इतक्या झटकन, की मॅडमचा हात बोळ्यासकट तसाच हवेत राहिला. मग त्यांनी पंखा बंद केला, खाली वाकून तिच्याशी दोन शब्द बोलल्या, पुन्हा खुर्चीत बसल्या आणि आम्हा नवरा-बायकोकडे बघून म्हणाल्या, "हिला सेन्सरी ओव्हर-रिस्पॉन्सिव्हिटी आहे."

मी जोरात मान हलवली. कळलं काहीच नव्हतं.

"म्हणजे काय, मॅडम?" शमीमनं विचारलं. शमीम माझी बायको. न कळलेलं विचारायची हिंमत आमच्या घरात तिच्याकडे आहे. माझ्याकडे नुसती मान आहे.

मॅडमनी सांगितलं ते असं. स्पर्श, आवाज, उजेड, वास हे सगळं आपल्याला जेवढं लागतं त्याच्या कितीतरी पट आफियाला लागतं. फ्रॉकच्या मानेला शिवलेला लेबलचा तुकडा आपल्याला जाणवतही नाही, तिला तो काट्यासारखा टोचतो. हे नाटक नाही आणि हट्ट तर नाहीच. ऑटिझमच्या काही खुणा दिसतायत, काही दिसत नाहीत, ते पुढच्या तपासण्यांत बघू. पण नाव कुठलंही निघो, आधी तिचा रोजचा त्रास कमी करायला हवा.

"कळलं," मी म्हणालो. "म्हंजे ओव्हरलोड रिले कमी सेट झालाय."

न्हावऱ्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरची मोटर जळाली की शेतकरी माझ्याकडे आणतात. मोटरीच्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले नावाची एक डबी असते. मोटरीवर झेपेना इतका भार आला की ती डबी मोटर बंद पाडते. पण तिचं सेटिंगच कमी असेल, तर साध्या भारालाही मोटर पटापट ट्रिप होते. मोटर चांगली, भार चांगला, आणि शेतकरी बांधावर बसून शिव्या घालतोय. त्यावर उपाय एक स्क्रू. अर्धा आटा फिरवला की झालं.

"उदाहरण बरोबर आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. "फक्त हा स्क्रू बाहेरून फिरत नाही."

मी पहिलं अर्धं वाक्य ऐकलं आणि खूश झालो. पुढचे सगळे घोटाळे त्या न ऐकलेल्या अर्ध्या वाक्यातून झाले.

खरं तर घोटाळे त्याआधीच सुरू झाले होते. आफिया तान्ही असताना अंघोळीला असं रडायची की शेजारपाजारचे विचारायला यायचे. लोकरीची टोपी घातली की श्वास कोंडल्यासारखी करायची. माझी अम्मा म्हणाली, "बच्ची को नजर लगी है रे." तिनं काळ्या दोऱ्यातला ताईत आणून गळ्यात बांधला. पोरगी शांत व्हावी म्हणून बांधलेला तो दोरा, आणि त्या दोऱ्यानंच पोरगी दोन दिवस किंचाळत होती. आम्हाला वाटलं ताईत लागू पडतोय, आतलं बाहेर निघतंय. अम्मानं दोरा आणखी घट्ट केला. गाठ मी बांधून दिली.

पुढं कुकरची शिट्टी झाली की ती कानावर हात दाबून परसात पळायची. मी म्हणालो, कानात दोष आहे. पुण्याला नेऊन बेरा नावाची तपासणी केली. त्यात डोक्याला छोट्या चकत्या चिकटवतात आणि आवाज कानातून मेंदूपर्यंत नीट जातो का ते यंत्रावर बघतात. तपासणी पोर झोपल्यावर होते. आफियाला झोपेचं औषध दिलं, ती झोपली, पहिली चकती चिकटवली, ती उठली. पुन्हा औषध, पुन्हा झोप. तिसऱ्यांदा मीच झोपलो. शेवटी तपासणी झाली आणि तिथला माणूस म्हणाला, "कान उत्तम आहेत." मी पेढे वाटले. कान उत्तम आहेत हाच त्रास आहे, हे कळायला शिरूर गाठावं लागलं.

शिरूर गाठावं लागलं ते शाळेमुळे. जूनमध्ये आफियाला पहिलीत घातलं. शाळेत लोखंडाचा तुकडा टांगलाय, त्यावर हातोडीनं टोल देतात. टोल पडला की ही बाकाखाली. परिपाठाला माईक लागला की ही बाकाखाली. शेजारच्या पोरीचा हात लागला की ओरडणं. ऑगस्टमध्ये बाईंनी मला बोलावून घेतलं.

"भाऊ, मी एकटी आन् दोन वर्ग," बाई म्हणाल्या. "तिला नको म्हणत न्हाई मी. पण ती अशी ओरडली की बाकीची लेकरं रडाय लागत्यात. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत घरी ठेवा. डॉक्टरला दाखवा. सुट्टीनंतर आणा, एक तास बसवून बघू. बसली तर ठेवू. न्हाईतर पुढच्या जूनला पुन्हा पहिलीपासून."

म्हणजे आमच्याकडे दिवाळीपर्यंतचा वेळ होता.

मॅडमनी दौंडच्या थेरपी केंद्राची चिठ्ठी दिली. तिथं ऑक्युपेशनल थेरपी होते. रोजची कामं, म्हणजे अंघोळ, कपडे, जेवण, शाळा, ही लेकराला झेपतील अशी करून द्यायची, त्याचं हे शास्त्र. आठवड्यातून दोनदा न्हावऱ्याहून निघायचं, चौफुल्याला गाडी बदलायची आणि दौंडला उतरायचं. शमीमचं माहेर खुटबाव वाटेतच. तिचा भाऊ फोन करून म्हणायचा, "दाजी, येता-जाता वरनंच जाता, घरी या की." त्याला कसं सांगणार, की एसटीतनं उतरल्यावर आफियाला आणखी एक घर, आणखी आठ माणसं आणि गालाला हात लावणारी मामी झेपणार नाही. मी सांगायचो, दुकानाची घाई आहे. तो रुसला. अजून थोडा रुसलेला आहे.

केंद्रातल्या वेटिंग रूममध्ये एक पंखा होता. त्याचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती आतली बांगडी, गेलेला. प्रत्येक फेऱ्याला कुईं. आपल्याला ऐकूही येणार नाही इतका बारीक आवाज, पण आफिया बाकाखाली कान दाबून बसलेली. समोरच्या एक आजी म्हणाल्या, "लई लाडावलीय. दोन ठेवून द्या, गप बसंल." शमीमनं खाली बघितलं. मी काय करणार? आजींना गप करता येईना, आफियाला बाहेर काढता येईना. मी स्टूल मागितलं. पंखा बंद केला, खिशातल्या पक्कडीनं वरचा कप सैल केला, शमीमच्या पिशवीतलं खोबरेल तेल बुशात सोडलं. वॉचमन आला. "ओ, कुणाला इचारून चढलाय?" त्याच्याशी हुज्जत घालेपर्यंत आतून आमचं नाव पुकारून झालं आणि पुढचा पेशंट आत गेला. एवढ्या लांबून आलो आणि पाळी गेली. पण पंखा बिनआवाजी फिरत होता आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा आपण काही कामाचे आहोत असं वाटलं. ते वाटणं फार वाईट असतं. आणखी करावंसं वाटतं.

थेरपिस्ट प्राजक्ताताई म्हणजे जेमतेम तिशीच्या, आवाज एकदम खालच्या पट्टीतला. चार-पाच भेटींनंतर त्या म्हणाल्या, "एक व्हायब्रेशनचा पट्टा येतो, अंगावर घालायचा. आफियासाठी वापरून बघू या का?"

माझ्या धंद्यात थरथर हा आजार आहे. बेरिंग गेलं, शाफ्ट वाकला, पाया ढिला झाला, की मोटर थरथरते. मी नुसता तळहात ठेवून सांगतो काय बिघडलंय. आजवर लोकांच्या मोटरींची थरथर काढूनच मी पोट भरलं. आणि या बाई म्हणत होत्या, तुमच्या लेकीला थरथर लावू.

त्यांनी समजावलं. डास चावला की आपण आजूबाजूला चोळतो. चोळण्याची जाणीव मोठी होते, खाज मागं पडते. तसंच काहीसं. हलका, अचानक स्पर्श आफियासारख्या मुलांना दचकवतो. खोल दाब किंवा हळू लयीतली थरथर काही मुलांना सावरते, अंगाला धरायला काहीतरी मिळतं. "काही मुलांना," त्या पुन्हा म्हणाल्या. "काहींना काहीच फरक पडत नाही. काहींना उलट त्रास होतो. त्यामुळे हा इलाज नाही, ही एक चाचणी आहे."

पट्टा यायला दोन आठवडे होते. तेवढा दम मला कुठला? माझ्या खिशात थरथरणारा मोबाईल होताच. तो रुमालात गुंडाळून आफियाच्या दंडाला बाहीवरून बांधला आणि शमीमच्या फोनवरून रिंग दिली. शमीमच्या नंबरचा आवाज मी बंद करून ठेवला होता, नुसती थरथर. एकदा दिली, दोनदा दिली. पोरगी उभी राहिली, दंडाकडे बघत. मी अम्माला हाक मारली, "बघ, बघ!" आणि दुकानात मोटर टाकून गेलेल्या बबन आबांचा फोन आला. शमीमच्या नंबरचा आवाज बंद केला होता, बाकीच्या जगाचा करायचा राहिला होता. माझी रिंग मी मुद्दाम मोठी ठेवलेली, दुकानाच्या मागून ऐकू यावी म्हणून. आफियानं रुमाल ओरबाडून फोन भिंतीवर मारला. आपटल्यावर तो आपोआप उचलला गेला आणि फुटलेल्या काचेतून आबा बोलू लागले, "सलीमभाय, मोटर झाली का न्हाई? लाईटची पाळी निघून चालली की राव!"

त्या दिवशी आफिया संध्याकाळपर्यंत खाटेखालून बाहेर आली नाही.

मग खरा पट्टा आला. काळं मऊ कापड, आत काडेपेटीएवढं यंत्र, वर मोठं निळं बटण. ताईंनी नियम सांगितले. बाहीवरून बांधायचा, कातडीला लावायचा नाही. अवघड गोष्टीच्या आधी दहा मिनिटं. ती आधीच ओरडत असेल तर बांधायला जायचं नाही. बटण तिच्या हातात, कमी-जास्तही तीच करणार. तिनं काढला की काढला. आणि रोज वहीत लिहायचं, काय झालं.

पहिले दोन दिवस तो पट्टा तिच्याजवळ नुसता पडून होता. तिसऱ्या दिवशी तिनं हातात घेतला. पाचव्या दिवशी स्वतः मनगटावर गुंडाळला. सहाव्या दिवशी शमीमनं कुकर लावला, आफियानं निळं बटण दाबलं आणि परसात पळाली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिनं तीनपैकी दोन शिट्ट्या ऐकल्या. तिसरीला गेली. शमीमनं डाळ तशीच सोडली आणि पदर डोळ्याला लावून बसली. मी वहीत लिहिलं, "दोन शिट्ट्या."

आणि सातव्या दिवशी मी त्या पट्ट्यावर अंगठा ठेवला.

थरथर वर चढायची, उतरायची, मध्येच पूर्ण थांबायची, मग पुन्हा हळूहळू सुरू. आमच्या भाषेत, मोटर हुकत होती. एकतर आत टाका ढिला होता, नाहीतर सेल मान टाकत होता. मला ताईंची कीव आली. एवढं शिकलेल्या आणि बिघडलेला पीस देऊन बसल्या. फोन करून विचारावं, हे मनात आलंही नाही. मोटरवाला मोटरीबद्दल कुणाला विचारत नाही.

शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज पढून आलो, दुकानाचं शटर अर्धं ओढलं, चष्म्याचे स्क्रू फिरवायच्या पेचकसनं डबी उघडली. आत सर्किटची एक इवलीशी पट्टी होती, तिच्यातून मोटरीला वीज जात होती. मी ती पट्टी बाजूला सारली आणि सेलची तार बटणातून थेट मोटरीला जोडली. बटण दाबलं. एकसारखी थरथर! न चढणं, न उतरणं, न थांबणं. नव्या कोऱ्या मोटरीसारखी. मी स्वतःवर इतका खूश होतो की कुणाला सांगितलंही नाही. गुण आला की सांगू म्हटलं.

आफियानं तो पट्टा विश्वासानं मनगटावर गुंडाळला. हे वाक्य लिहिताना अजूनही माझा हात थांबतो.

शनिवारी ती कुकरच्या आवाजाआधीच पळाली. रविवारी तिनं फ्रॉक काढून टाकला तो घालेचना. सोमवारी भाकरी समोर आली की तोंड फिरवायला लागली. मंगळवारी ती स्वतःच्या मनगटाला चावत बसली होती, पट्ट्याच्या बरोबर वर. बुधवारी पट्टा सापडेना. शमीम पीठ मळायला बसली तेव्हा तो पिठाच्या डब्यात तळाशी निघाला. मी पीठ झटकलं, चालतोय का बघितलं, चालत होता, आणि पुन्हा तिच्यासमोर ठेवला.

दुकानात बबन आबा त्यांची दुसरी मोटर न्यायला आले होते. त्यांच्यापाशी मी मन मोकळं केलं. "आबा, चांगली चालली हुती. त्या पट्ट्यानं पार बिघडवली."

"मशिनीनं कवा माणूस सुधारतंय व्हय?" आबा म्हणाले. "आणि तू तर मशिनीवाला. तुला कळाय नको?"

मला तेव्हाही काही कळलं नाही.

दौंडला गेलो ते भांडायच्या तयारीनं. ताईंनी वही उघडली, एकेक पान शांतपणे वाचलं. "सहाव्या दिवसापर्यंत छान चाललंय," त्या म्हणाल्या. "आठव्या दिवसापासून घसरण. सातव्या दिवशी घरात काही बदललं का? नवीन साबण, पाहुणे, काही?"

"न्हाई हो, काहीच न्हाई," शमीम म्हणाली.

मी पंख्याकडे बघत होतो. छान चालला होता.

ताईंनी पट्टा स्वतःच्या मनगटावर बांधला. बटण दाबलं. डोळे मिटून बसल्या. मला वाटलं आता त्यांना त्यांची चूक कळेल. त्यांनी डोळे उघडले. "हा थांबतच नाहीये. हा कुणी उघडला?"

"मी दुरुस्त केला," मी म्हणालो.

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "सलीमभाई," त्या त्याच खालच्या पट्टीत म्हणाल्या, "ते थांबणंच तिच्या कामाचं होतं. वर येणं, खाली जाणं, थांबणं. शांत झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं. शिवाय कमी-जास्त करणंही गेलं, म्हणजे तिच्या हातात काहीच उरलं नाही. तिच्या अंगाला पाच दिवस कुणीतरी सारखं हलवत होतं, आणि तिला ते सांगता येत नव्हतं."

आफिया कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकून बसली होती. मनगटावर दातांची खूण होती. मला उठून तिला जवळ घ्यायचं होतं. पण जवळ घेणं हासुद्धा तिला त्रासच. कान धरून माफी मागायची तरी कुणाकडे आणि कशी? मी तिथं खुर्चीत बसून राहिलो. हातांचं काय करायचं ते मला समजेना.

चौफुल्याला गाडीची वाट बघताना शमीम म्हणाली, "मोटर बोलत न्हाई म्हणून तुम्ही हात ठेवून वळखता. ही बी एखाद्या शब्दाच्या फुडं बोलत न्हाई, आन् हिच्यावर हात ठेवता येत न्हाई. मग वहीत बघायचं हुतं. तुम्ही पट्ट्यात बघितलं."

एवढंच. त्यानंतर आजवर तिनं तो विषय काढला नाही. काढला असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसरा पट्टा यायला वेळ लागला. दिवाळीची सुट्टी संपली. शाळेचा टोल आमच्या घरापर्यंत ऐकू येतो. तो पडला की आफिया कानावर हात ठेवायची आणि मी दुकानात कॉइल भरता भरता तारेचे फेरे विसरायचो. एका मोटरीला कमी फेरे गेले, ती लावल्या दिवशी जळाली. शेतकऱ्यानं परत आणून टाकली. मी शाळेत जाऊन बाईंना सगळं खरं सांगितलं, पट्टा उघडल्यासकट. बाईंनी डोक्याला हात लावला. "अवो भाऊ, काय माणूस हायसा तुम्ही!" मग म्हणाल्या, "नाताळापर्यंत थांबते. त्याच्या फुडं माझ्या हातात न्हाई."

नवा पट्टा आला, पण आफिया त्याच्याकडे बघेना. समोर ठेवला की खोलीतून बाहेर. तिच्या लेखी ती वस्तू आता दगाबाज होती. दगा वस्तूनं दिलाच नव्हता, बापानं दिला होता, हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.

ताईंना फोन केला. "काय करू?"

"काही करू नका. तुम्ही स्वतः घाला. तिला नुसतं बघू द्या."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

मी घातला. दुकानात, जेवताना, गावातनं फिरताना. न्हावऱ्यात अशी गोष्ट लपत नाही. "सलीमभाय, बीपीचं मशीन व्हय?" "काय पोलिसांनी बसवलं काय?" एका दूधवाल्यानं निरखून बघून विचारलं, "आमच्या जर्शीच्या गळ्यात असलंच हाय. माजावर आली की मोबाईलवर कळतं. तुमचं काय कळतं?" मी म्हणालो, "माझं काहीच कळंना, म्हणून तर घातलाय."

सुरुवातीला मला त्या चढ-उतारानं कसंतरीच व्हायचं. हात सारखा डबीकडे जायचा. हळूहळू थांबण्याची वाट बघायची सवय लागली. थरथर थांबली की मधल्या त्या क्षणात दुकानातली घरघर, रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर, त्यांची गाणी, सगळं आधी होतं त्यापेक्षा मोठं ऐकू यायचं. सवयीनं बोथट झालेले माझे कान, त्यांना एवढं. तिला केवढं असेल, याचा अंदाज मी करायचो आणि सोडून द्यायचो. तो मला येणार नव्हता.

नवव्या दिवशी मी ओसरीत जमिनीवर बसलो होतो. आफिया आली. हातभर अंतरावर थांबली. मग एक बोट पुढं करून तिनं माझ्या मनगटावरचं निळं बटण दाबलं. पट्टा सुरू झाला. तिनं बोट काढलं नाही. थोड्या वेळानं पूर्ण तळहात ठेवला, अर्धा पट्ट्यावर आणि अर्धा माझ्या हातावर. मोटरीवर मी ठेवतो तसा. काय बिघडलंय ते बघत असावी. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. तिनं आपणहून मला हात लावलेला मला तरी आधी आठवत नव्हता.

"थांबतोय," ती म्हणाली.

"हो बेटा. आता थांबतो."

संध्याकाळी तिनं पट्टा माझ्या हातावरून काढून नेला.

हे सगळं मी लिहितोय ते ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांच्यासाठी. पट्टा घ्या असं मी सांगत नाही. तुमच्या लेकराला तो चालेल की नाही ते तुमचे डॉक्टर आणि तुमचं लेकरूच सांगेल. माझं सांगणं एवढंच, की तुम्ही सुतार असा, मास्तर असा नाहीतर माझ्यासारखे मोटरवाले, आपल्या धंद्यातलं शहाणपण दवाखान्याच्या दारात चपलेशेजारी काढून ठेवा. आणि वही लिहा. वहीनं मला पकडलं म्हणून पोरगी वाचली. शिरूरच्या मॅडमचे, प्राजक्ताताईंचे, शाळेच्या बाईंचे आभार मानायचे तर मला पानं पुरणार नाहीत. आभार मानताना त्यांच्या डोळ्याला डोळा देता येत नाही, हा वेगळा त्रास.

आफिया बरी झालीय का? नाही. परवाच्या तपासणीत मॅडमनी ऑटिझमचं नाव पक्कं केलं. या वेळी मी मान हलवली नाही, विचारलं. कुकरच्या कधी तीन शिट्ट्या ऐकते, कधी एकही नाही. काही दिवस पट्टा लागतो, काही दिवस भिरकावून देते. शाळेत नाताळाआधी पहिल्यांदा बसली ती वीस मिनिटं. मग तास. खिचडीचा वास सुटला की उठून व्हरांड्यात येते, कधी परत जाते, कधी नाही. बाईंनी पटावर तिचं नाव ठेवलंय. माझ्या धंद्यात अर्धी दुरुस्त मोटर नावाची वस्तू नसते. एकतर पाणी येतं, नाहीतर येत नाही. हे अर्धं कसं मोजायचं ते मला अजून जमत नाही.

केसांचंही तसंच. शाळेत केस बांधून पाठवायचे असतात. आधी दहा मिनिटं पट्टा, मग शमीम फणी फिरवते, प्रत्येक फणी हळू आवाजात मोजत. सहन होईना झालं की आफिया म्हणते, "बस." परवा उजवी वेणी झाली, डाव्या बाजूची चौथी फणी आणि, "बस."

माझं तोंड उघडलं होतं. अजून दोनच मिनिटं बेटा, एवढीच तर राहिली, असं काहीतरी येणार होतं. शमीमनं माझ्याकडे बघितलं. फणी खाली ठेवली. मी तोंड मिटलं.

गाडीवर शाळेत नेली. एक वेणी पाठीवर, एक बाजू मोकळी, वाऱ्यानं उडालेली. दारात बबन आबा नातवाला सोडायला आलेले.

"आरं सलीमभाय, पोरीची येकच येणी?"

"आज एवढीच झाली, आबा."

आबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आफियाकडे बघितलं आणि नुसतं "व्हय" म्हणाले.

आफिया उतरली, मनगटावरच्या पट्ट्याचं बटण दाबलं, फाटकातून आत गेली. आणि टोल पडला. ती अंगणाच्या मध्यात थांबली, दोन्ही हात कानांवर. आजूबाजूनं पोरं पळत वर्गात गेली. मी गाडी बंद केली, पण उतरलो नाही. दोन्ही हात हँडलवर ठेवून बसून राहिलो. वर्गाच्या दारात बाई उभ्या होत्या, त्याही हलल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं तिनं उजवा हात खाली घेतला, वर्गापर्यंत चालत गेली, दाराची चौकट धरली आणि आत गेली. डावा कान अजून झाकलेलाच होता.